अपडेटचं निमित्त

लिनक्सच्या मशीनसाठी फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अपडेट केलं आणि गेलं." विंडोजवाले निदान व्हायरसचं नाव घेतात, लाइट गेली म्हणतात, मुलांनी गेम टाकला म्हणतात. लिनक्सच्या बाबतीत आरोपी एकच. बडोद्यातली छोटी हॉस्पिटलं, लॅब, शाळा, एखाद्या ट्रस्टचं ऑफिस, असं माझं सर्व्हिसचं काम. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर विश्वासही ठेवत नाही आणि वादही घालत नाही.

त्या सकाळचा फोन अकोट्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा होता. लॅब ओळखीच्या डॉक्टरीणबाईंची. गणपतीत त्या आमच्याच मंडळात आरतीला असतात, त्यामुळे माझ्याशी 'अरे'शिवाय बोलत नाहीत. "अरे, सर्व्हर उठतच नाहीये. उपाशीपोटी सॅम्पल द्यायला लोक येऊन बसलेत, आणि कालच्या एका रिपोर्टवाचून कुणाचं तरी ऑपरेशन अडलंय. तू चहा इकडेच घे." दांडिया बाजारातून सोलर पॅनलवाल्या पुलावरून पलीकडे उतरलं की अकोटाच. चपला घातल्या आणि निघालो.

लॅबमध्ये काम थांबलेलं नव्हतं, हे मला आवडलं. ब्लड काउंटचं मशीन आपलं आपण चालतं. ते छोट्या पट्टीवर आकडे छापत होतं आणि टेक्निशियन बेन ते आकडे लेटरहेडवर हाताने उतरवत होत्या. डॉक्टरीणबाई प्रत्येक कागद पट्टीशी दोनदा ताडून सही करत होत्या. अडलं होतं ते जुन्या रिपोर्टांचं. ते सगळे सर्व्हरमध्ये.

सर्व्हर म्हणजे साधाच डेस्कटॉप, पण तो मागच्या खोलीत लोखंडी रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर. स्टुलावर चढल्याशिवाय स्क्रीन दिसत नाही. बडोद्याबाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. ऑगस्ट २०२४ मध्ये इथली विश्वामित्री नदी, जिची धोक्याची पातळी २५ फूट आहे, ती ३५ फुटांच्याही वर गेली होती. नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या. तेव्हापासून तळमजल्यावरच्या दुकानांत आणि दवाखान्यांत महागाची प्रत्येक वस्तू उंचावर गेलीय.

स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची रांग आणि तळाशी तो प्रसिद्ध मजकूर: कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०). पॅनिक हा शब्द वाचून लोकांचा धीर सुटतो. मला मात्र कंसातले ते दोन शून्य पाहून बरं वाटलं. एखादी डिस्क सापडली आणि ती वाचता आली नाही, असं असतं तर तिथे बहुधा दुसरे काहीतरी आकडे दिसले असते. शून्य-शून्य म्हणजे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क नावाची वस्तूच दिसलेली नाही. डिस्क मेली असेल तर ग्रब, म्हणजे मशीन चालू होताच कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, तरी कुठून आला? ग्रब आणि कर्नल दोघंही त्याच डिस्कवरून उठले होते. तेव्हा डिस्क जिवंत होती आणि कमी पडलं होतं ते इनिट्रॅमएफएस.

हे एक छोटं गाठोडं असतं. डिस्क वाचायला लागणारे ड्रायव्हर डिस्कवरच असतात. मग डिस्क वाचायच्या आधी ते आणायचे कुठून? म्हणून सुरुवातीपुरते लागणारे ड्रायव्हर त्या गाठोड्यात बांधून ठेवतात आणि ग्रब ते कर्नलबरोबरच मेमरीत चढवतो. प्रत्येक कर्नलचं गाठोडं वेगळं. नवा कर्नल आला आणि त्याचं गाठोडं बांधलं गेलं नाही, तर हाच मजकूर येतो.

"काल काय केलंस?" मी लॅबमधल्या मुलाला विचारलं.

"सर, में तो खाली रिस्टार्ट ज कर्युं." मी फक्त रीस्टार्ट केलं, म्हणाला. तो आधीच रडकुंडीला आला होता. अपडेटचा चौकोन आला, त्याने हो म्हटलं, मध्येच काहीतरी लाल अक्षरं आली, त्याने ओके दाबलं. काय लिहिलं होतं? ते त्याला आठवत नव्हतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ओके लिहिलेलं बटण माणूस दाबणारच.

मशीन पुन्हा चालू करून एस्केप दाबलं. ही कळ बेतानेच दाबावी लागते. अधीरपणे ठोकत राहिलं तर मेन्यूऐवजी ग्रबचा नुसता काळा प्रॉम्प्ट समोर येतो. मेन्यूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचा कर्नल होता. तो निवडला आणि मशीन चालायला लागलं. मुलाचा चेहरा उजळला. आणि मग लाल चांदण्या आल्या. ज्यांनी पाहिल्यात त्यांना त्या विसरता येत नाहीत: डावीकडे तीन चांदण्या इकडून तिकडे सरकतात, शेजारी लिहिलेलं असतं की अमुक डिस्कची वाट पाहतोय, आणि दीड मिनिटापर्यंत सेकंद मोजले जातात. दीड मिनिट झालं आणि इमर्जन्सी मोड. त्यातही रूटचं, म्हणजे सगळे हक्क असलेलं, खातं कुलूपबंद, म्हणजे आत जाता येत नाही. एंटर दाबलं की फिरून तिथेच.

"सर, आ तो पाछुं बीजुं आव्युं," मुलगा म्हणाला. हे तर आणखी दुसरंच आलं.

नेमक्या याच टप्प्यावर लोक मशीन फॉरमॅट करतात. डॉक्टरीणबाईंच्या कुणा भाच्याने फोनवर तो सल्ला देऊनही झाला होता. दोन वेगवेगळे बिघाड एकाच सकाळी दिसले की माणूस म्हणतो, सगळंच गेलं. मला उलट वाटतं. एका अपडेटने दोन असंबद्ध गोष्टी मोडणं अवघड असतं. दोघांचं मूळ एकच असण्याची शक्यता जास्त.

मशीन ज्याने बसवलं तो मुलगा आता कॅनडात, आणि तिथे तेव्हा रात्र. पासवर्ड कुणाकडे नाही. मग ग्रबच्या मेन्यूत जुन्या कर्नलवर 'ई' दाबून, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी सांगितलं की नेहमीची यंत्रणा उठवू नकोस, थेट बॅश, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, दे. काही क्षणांत रूटचा प्रॉम्प्ट समोर. डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"पासवर्डशिवाय आत गेलास?"

"हो, मॅडम."

"म्हणजे कुणीही जाऊ शकतं?"

"स्टुलावर चढलेला कुणीही."

त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारी बिल लिहिताना त्यांनी ग्रबला पासवर्ड लावायचं काम आपणहून त्यात घालायला लावलं. ज्याच्या हाताखाली प्रत्यक्ष मशीन आहे त्याला त्यानेही फारसं अडवता येत नाही, खरं कुलूप म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणं, हे मी सांगितलं. ते पुढच्या मशीनच्या वेळी करू असं ठरलं.

आत गेल्यावर काहीही न लिहिता आधी नुसतं पाहिलं. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडने सांगितलं: मुख्य डिस्क १०० टक्के भरलेली. तिथेच पहिला बिघाड उलगडला. नव्या कर्नलच्या फायली कशाबशा मावल्या, गाठोडं बांधायला जागा उरली नाही. लाल अक्षरं तीच असणार. पण त्याच अपडेटमध्ये ग्रबचं पॅकेजही होतं. त्याने मेन्यू नव्याने लिहून काढला आणि गाठोडं नसलेला कर्नल सगळ्यात वर नेऊन ठेवला.

दुसऱ्या बिघाडासाठी एफएसटॅब उघडली. कुठली डिस्क कुठे जोडायची याची ती यादी. त्यात दोन डिस्क: एक मुख्य, दुसरी बॅकअपची. दुसरीपुढे 'नोफेल' लिहिलेलं नव्हतं. तो एक शब्द असता तर डिस्क मिळाली नाही तरी मशीन पुढे गेलं असतं. तो नसला की सिस्टमडी, म्हणजे मशीन उठवणारी ती नेहमीची यंत्रणा, त्या डिस्कवाचून उठायला तयार होत नाही.

"मॅडम, बॅकअपची डिस्क कुठंय?"

"तिथेच असेल, मागे."

रॅकच्या मागे हात घातला. यूएसबीची केबल हाताला लागली. तिचं एक टोक मशीनमध्ये नीट खोचलेलं; दुसऱ्या टोकाला डिस्क नव्हती. केबल नीट गुंडाळून तिला रबरबँड लावलेला होता. चोर रबरबँड लावत नाही.

इथे घाई केली तर घात होतो. डिस्क पूर्ण भरलेली असताना एफएसटॅबसारखी फाइल उघडून बदल सेव्ह केला, तर नवा मजकूर मावत नाही आणि जुना पुसला जाऊ शकतो; हाती शून्य बाइटची फाइल येऊ शकते. म्हणून आधी जागा केली. अपडेटसाठी उतरवलेल्या पॅकेजांच्या फायली उडवल्या, त्या कधीही परत मिळतात. मग त्या बॅकअपच्या ओळीपुढे एक खूण टाकून ती ओळ निजवली आणि तिथूनच नेहमीची यंत्रणा उठवली. लॉगिनचा पडदा आला. लॅबचं सॉफ्टवेअर उघडलं, तो अडलेला रिपोर्ट छापून हॉस्पिटलला गेला, आणि कुणीतरी समोरून सेव-उसळ आणली.

खातखात मी शोधायला लागलो की जागा खाल्ली कोणी. उत्तर मजेशीर निघालं. सगळ्यात मोठं फोल्डर बॅकअपचंच होतं. डिस्क तर जागेवर नाही, मग बॅकअप आला कुठून?

लिनक्समध्ये बाहेरची डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरवर जोडतात. डिस्क जोडलेली असली की फोल्डर उघडल्यावर डिस्क दिसते. डिस्क काढली तरी फोल्डर राहतंच, फक्त आता ते मुख्य डिस्कवरचं साधं फोल्डर असतं. रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टला हा फरक कळत नव्हता. ती रोज इमानेइतबारे मुख्य डिस्कवरचा डेटा मुख्य डिस्कवरच उतरवत होती. ज्या डिस्कच्या बिघाडाची भीती, तिच्याच पोटात तिची नक्कल. आणि ती रूटच्या हक्काने चालत असल्यामुळे, ईएक्सटी४ मध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या लिनक्सच्या पद्धतीत, अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली पाच टक्के जागासुद्धा तिने संपवली.

"पण मला रोज सकाळी मेसेज येतो ना, बॅकअप यशस्वी म्हणून!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. येत होता. स्क्रिप्टच्या दृष्टीने तो खरा होता.

त्या फोल्डरातल्या सगळ्यात जुन्या फायलीची तारीख जुलैतली होती. ती ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला आणि दांडिया बाजारातल्या घरी फोन लावला. "अण्णा, लॅबमधली एक छोटी काळी डिस्क तुम्ही..."

अण्णा, म्हणजे त्यांचे सासरे, थोड्या वेळात रिक्षाने आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात डिस्क आणि औषधाच्या बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी. जुलैत पाऊस लागला, आजवा धरणाची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुलाजवळचा नदीचा आकडा मोबाइलवर येऊ लागला, तेव्हा ते संध्याकाळी लॅबमध्ये आले आणि चालू मशीनमधून डिस्क काढून घरी घेऊन गेले. घराच्या कागदपत्रांबरोबर, वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात.

"काय रे बाळा, माझ्यामुळे बंद पडलं का हे?"

याचं उत्तर मला सरळ देता येईना, कारण अण्णांनी केलं ते मुळात बरोबर होतं. एक प्रत इमारतीच्या बाहेर ठेवा, हे आम्ही गिऱ्हाइकांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो आणि कुणी ऐकत नाही. त्यांनी न सांगता ते केलं होतं. फक्त मशीनला आणि सुनेला कळवलं नव्हतं. आणि मशीनला यूपीएस असल्याने ते जुलैपासून एकदाही बंद झालं नव्हतं. रीस्टार्ट झालं असतं तर त्याच दिवशी डिस्कची बोंब झाली असती. अपडेट झालं ते केवळ निमित्त.

"तुमच्यामुळे नाही, अण्णा. पण तुमचं नाव यादीत आहे," मी म्हटलं. ते हसले.

पुढचं काम रटाळ होतं. अण्णांची डिस्क चालू मशीनमधून ओढलेली, म्हणून आधी ती तपासून घेतली. बदलांची आधी नोंद ठेवणाऱ्या जर्नलने तिला सांभाळलं होतं. जुलैनंतरचे बॅकअप तिच्यावर नेले, एक बॅकअप उघडून दोनचार रिपोर्ट खरंच वाचता येतात का ते बेनकडून पाहून घेतलं, मगच मुख्य डिस्कवरचे पुसले. अर्धवट राहिलेलं अपडेट पूर्ण केलं. या वेळी गाठोडं बांधलं गेलं. एफएसटॅबमध्ये नोफेल आणि वाट बघायची मुदत दहा सेकंद. स्क्रिप्टला शिकवलं की डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते आधी बघ, नसेल तर यशस्वी म्हणू नकोस, ओरड. आणि ते रिकामं फोल्डर, डिस्क काढलेली असताना, चॅटर कमांडने असं गोठवलं की रूटलासुद्धा त्यात काही टाकता येऊ नये. शेवटी डिस्क लावून एकदा आणि मुद्दाम काढून एकदा, नव्या कर्नलवर मशीन उठवून पाहिलं.

दुसरी डिस्क त्याच संध्याकाळी आली. आता एक लॅबमध्ये, एक कपाटात, आणि अदलाबदलीचं खातं अण्णांकडे. डिस्क सुखरूप काढण्यासाठी त्यांना पडद्यावर एक बटण हवं होतं, मराठीत. ते करून दिलं. मॉनिटर तेवढा खालच्या फळीवर आणला, अण्णांना स्टुलावर चढायला लागू नये म्हणून.

निघताना मुलाने विचारलं, पुन्हा अपडेट आलं तर करायचं की नाही. कर म्हटलं. फक्त लाल अक्षरं दिसली तर ओके दाबायच्या आधी फोटो काढून मला पाठव. त्याने ते फारच मनावर घेतलंय. आता तो प्रिंटरमधला कागद संपल्याचा फोटोही पाठवतो.