घरी ब्रेकचं काम केलं आणि पुढचं चाक आपोआप आवळायला लागलं : माझा अनुभव

माझी बाईक २०१६ ची आहे, १५० सीसी, पुढं डिस्क ब्रेक आणि मागं ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. हे आधीच सांगतो कारण एबीएसवाल्या गाडीत ब्रेक ऑइलचा रस्ता त्या युनिटमधून जातो आणि हवा शिरली तर काही गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावल्याशिवाय ती पूर्ण निघत नाही, त्यामुळे मी जे केलं ते तसंच्या तसं तिथं करू नका.

मे महिन्याचा शेवट होता, पाऊस लागायच्या आधी पुढचे ब्रेक पॅड बदलायचे असं ठरवलं होतं. पॅडवरची खाच पार पुसत आलेली आणि ब्रेक ऑइल तर चहाच्या रंगाचं झालेलं. नवीन ऑइल जवळजवळ पाण्यासारखं, थोडं पिवळसर असतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलायचं असतं आणि मी तर चार वर्षं हात लावला नव्हता. डॉट ४ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी मुरलं की तेच १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. आमच्या साताऱ्यात घराबाहेर पडलं की घाटच आणि घाटात ब्रेक तापणारच, त्यामुळे हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलेला आहे.

शनिवारी दुपारी कामाला लागलो. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सोडला, जुने पॅड काढले, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाहेर आलेल्या भागावर काळी माती बसलेली ती जुन्या टूथब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं स्वच्छ केली. हे न करता पिस्टन आत ढकलला तर ती घाण सीलवर घासत जाते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांना ग्रीस लावलं. पिस्टन आत ढकलताना हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतलं ऑइल वर येतं, ते आधीच सिरिंजनं काढून ठेवलं होतं कारण पेट्रोलच्या टाकीच्या पेंटवर एक थेंब पडला तरी पेंट सोलतो. नवे पॅड बसवले आणि लिव्हर दाबला तर थेट हँडलला टेकला. पहिल्यांदा करणारा घाबरतो पण हे बरोबर असतं, आत गेलेला पिस्टन पॅडपर्यंत यायला पंधरा वीस वेळा लिव्हर मारावा लागतो. फक्त हे जागेवर करायचं, रस्त्यावर जाऊन नाही.

मग ऑइल बदलायला घेतलं आणि तिथं माझी चूक झाली. अण्णा (माझे वडील) लिव्हरवर बसले होते, मी खाली कॅलिपरच्या निप्पलवर (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) आठचा रिंग पाना लावून आणि पारदर्शक नळी बाटलीत सोडून. मी म्हणायचो "अण्णा, दाबून धरा", मग निप्पल पाव फेरी उघडायचो, बंद करायचो, मग "सोडा आता". मस्त लय लागली होती आणि त्या नादात वरच्या टाकीकडं लक्षच राहिलं नाही. ऑइल संपलं, लिव्हर सोडल्यावर त्यानं हवा ओढून घेतली. त्यानंतर अर्धी बाटली ऑइल घातलं तरी लिव्हर स्पंजसारखाच. खाली नळीतून एकही बुडबुडा येत नव्हता आणि तरी स्पंज, कारण हवा वर चढते आणि मास्टर सिलिंडरला (लिव्हरपाशी, टाकीच्या खाली ऑइल दाबणारा भाग) जिथं पाइपचा बोल्ट लागतो तिथं सगळ्यात उंच जागी अडकून बसते, खालून ओढून ती येत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. हँडल डावीकडं वळवलं, पाइपवर पान्याच्या दांड्यानं हलकं ठोकत गेलो, लिव्हर हळूहळू मारला आणि मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं लिव्हर दाबून रात्रभर बांधून ठेवला. बारीक बुडबुडे रात्रीत वर सरकतात आणि सकाळी लिव्हर सोडला की टाकीत निघून जातात. रविवारी सकाळी पट्टी सोडली तर लिव्हर एकदम टणक. अण्णांनीपण दाबून बघितला, म्हणाले "आता झाला ब्रेक."

इथंच थांबून एक चक्कर मारायला हवी होती. पण जुन्या लिव्हरचं टोक पडून तुटलेलं आणि नवा लिव्हर पंधरा दिवस घरात पडून होता, माझ्या मॉडेलचा नव्हता पण "सगळ्यांना बसतो" म्हणून घेतलेला. म्हटलं हाताला ग्रीस लागलेलंच आहे तर हेही करून टाकू. एक बोल्ट काढला, लिव्हर बदलला, बोल्ट घट्ट केला. दाबून बघितला तर आधीपेक्षाही टणक, बोट लावलं की लगेच ब्रेक. मला वाटलं ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) भारी झालं.

डबल स्टँडवर चाक फिरवून बघितलं, दीड दोन फेऱ्या फिरलं, पॅडचा हलका आवाज येतोच. मग समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढलो. चढताना काही नाही. वर थांबून चहा घेतला आणि उतरायला लागलो. उतारावर पुढचा ब्रेक जास्त लागतो, तीन चार वळणं झाली आणि लिव्हर आणखी आखूड झाला, नुसता स्पर्श केला तरी पकडतोय. पुढच्या वळणानंतर मी लिव्हर सोडलेला असतानाही गाडी अडखळत चालली. न्यूट्रल टाकला तर उतारावर गाडी स्वतःहून पुढं जाईना. जळकट वास यायला लागला. तो क्षण मला अजून आठवतो, डाव्या हाताला दरी, मागून गाड्या येतायत आणि पुढचं चाक आपलं आपण आवळतंय. चाक पूर्ण जाम झालं असतं तर गाडी आडवी झाली असती. मागच्या ब्रेकवर कडेला घेतली आणि उभा राहिलो. बाटलीतलं पाणी बोटानं दोन थेंब डिस्कवर टाकलं तर चर्रकन उडालं. (सगळी बाटली ओतू नका, तापलेली डिस्क वाकू शकते.)

अर्धा पाऊण तास थांबलो. गार झाल्यावर चाक मोकळं! जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनवर आणि मागच्या ब्रेकवर सावकाश घरी आलो.

घरी येऊन जे जे सुचलं ते केलं. पिना पुन्हा काढून बघितल्या, सरकत होत्या. पिस्टन हातानं आत जात होता. टाकीत ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलं होतं, ते काढून खुणेला आणलं, कारण तापल्यावर ऑइल फुगतं आणि त्याला जागा लागते. वाटलं हेच कारण असणार. संध्याकाळी सपाट रस्त्यावर मुद्दाम ब्रेक मारत पाच सहा किलोमीटर फिरलो, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "गार असताना मोकळं आन तापल्यावर जाम, म्हंजे पॅड नाय, पिन नाय. आत प्रेशर अडकतंय. कुठं अडकतंय ते आधी शोध. जाम झाल्यावर निप्पल सोडून बघ, चाक सुटलं तर प्रेशरच. पुन्हा जाम कर आन वरचा पाइपचा बोल्ट ढिला कर. वरनं सोडून पण सुटलं तर मास्टर सिलिंडर, नायतर पाइप आतनं फुगलाय."

ही चाचणी मला आधी माहीत असती तर दोन दिवस वाचले असते. गाडी जाम होईपर्यंत पुन्हा फिरलो, चष्मा आणि हातमोजे घालून निप्पलला नळी लावली आणि जरासा उघडला, फुस्सकन ऑइल आलं आणि चाक त्याच क्षणी मोकळं. म्हणजे प्रेशर. परत फिरलो, परत जाम केलं, या वेळी मास्टर सिलिंडरच्या बोल्टभोवती फडकं गुंडाळून तो ढिला केला, तरी चाक सुटलं. म्हणजे पाइप चांगला, दोष वर.

वर मी काय हलवलं होतं? टाकी आणि लिव्हर, एवढंच.

काकांना सांगितलं तर त्यांनी टाकीचं झाकण काढायला लावलं आणि म्हणाले "लिव्हर एकदम हळू दाब आन तळाला बघ." मास्टर सिलिंडरच्या तळाला दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सुटला की आतला दट्ट्या मागं येतो आणि ते बारीक भोक उघडतं, तापून फुगलेलं ऑइल तिथून टाकीत परत जातं. लिव्हर हळू दाबला की सुरुवातीला त्या भोकातून बारीकशी उकळी फुटल्यासारखं ऑइल वर येताना दिसायला पाहिजे. मला काहीच दिसलं नाही. मग काकांनी विचारलं, "लिव्हरला मोकळी चाल किती हाय?" टोकाशी हलवून बघितलं तर शून्य. जुन्या लिव्हरला ब्रेक लागायच्या आधी दोन तीन मिलिमीटर चाल होती.

नवा लिव्हर काढला, तुटक्या टोकाचा जुना लावला आणि झाकण उघडंच ठेवून दाबलं, लगेच उकळी दिसली. दोन्ही लिव्हर एकावर एक ठेवले तर दट्ट्याला टेकणारा नव्याचा कोंब अंदाजे एक मिलिमीटर लांब. एवढ्यानंच दट्ट्या सतत किंचित आत दाबलेला, भोक कायम झाकलेलं. गार असताना काही कळत नाही, पण ऑइल तापलं की ते फुगून पॅडला दाबणार, पॅड घासून आणखी तापणार, आणि परत जायला वाट नाही. मी ज्या टणकपणाला चांगलं ब्लीडिंग समजत होतो तो हाच होता.

काहीजण तो कोंब कानशीनं घासून बसवतात. मी नाही केलं, काकांनीपण नको म्हटलं, कारण जास्त घासला गेला तर ब्रेक पूर्ण लागणार नाही आणि तिथं मोजमाप कुणाकडं नाही. माझ्या मॉडेलचाच लिव्हर मागवला. बोल्ट उघडला होता म्हणून तांब्याचे नवीन वायसर टाकले, तापलेलं ऑइल सगळं काढून नवीन डॉट ४ भरलं, पुन्हा ब्लीडिंग. या वेळी अण्णा लिव्हरवर आणि आई टाकीवर लक्ष ठेवून, ती मधेच "थांब, खाली चाललंय" म्हणायची. पॅड काचेसारखे चमकायला लागले होते, दोनच दिवसांचे होते तरी तेही बदलले, पैशाकडं बघितलं नाही.

मग आधी गल्लीत, मग पोवई नाक्यापर्यंत, दर वेळी थांबून चाक उचलून फिरवून बघायचं आणि हाताची मागची बाजू डिस्कजवळ नेऊन धग बघायची, डिस्कला न लावता. दोन दिवस असं केल्यावर परत यवतेश्वर चढलो आणि त्याच वळणांवरून उतरलो. ज्या ठिकाणी उभा राहिलो होतो तिथं मुद्दाम थांबलो, न्यूट्रल टाकला, ब्रेक सोडला. गाडी आपली आपण उताराला लागली. लिव्हरच्या टोकाला चाल होती तेवढीच होती.

खाली येऊन अण्णांना फोन केला.