वीस रुपयांची बाटली

रविवार, रात्री साडेअकरा.

काकूने आज पिंट्याला चौफुलीवर पिटाळून माझ्यासाठी पाण्याची बाटली मागवली. वीस रुपयांची, सीलबंद. माठ नेहमीच्या जागी होता, वर तांब्या पालथा घातलेला. "तुला नाही सोसायचं इथलं," एवढं म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

ती बाटली डोक्यातून जात नाहीये.

नाशिकहून चांदोरी जेमतेम पंचवीस किलोमीटर. एवढ्यात माणूस पाहुणा होतो? बाहेरच्याला आमच्याकडे दोन गोष्टी दाखवतात, हिंगण्यांचा वाडा आणि पाण्यातली देवळं. हिंगणे म्हणजे पेशव्यांचे दिल्लीतले वकील. बादशहाच्या दरबारात काय शिजतंय ते यांच्या पत्रांतून पुण्याला कळायचं, आणि मास्तर हे सांगायचे तेव्हा आपणच दिल्लीहून आल्यासारखे आम्ही ताठ बसायचो. आज पिंट्या मला गंगेवर घेऊन गेला. (आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही.) "काका, ही हेमाडपंती आहेत बरं का." मला सांगतोय! खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा इथवर येतो, म्हणून ही देवळं एरवी पाण्यात असतात आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतात. त्यातल्या एका देवळाच्या दगडावर बसून मी दहावीची भूमिती पाठ केलीय. पण गप्प बसलो. पाहुण्याने ऐकून घ्यायचं असतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये गावात पाणी शिरलं तेव्हा मी यायला हवं होतं. आण्णांनी दोनदा फोन केला होता. जाऊ दे.

बाटली. मला राग नक्की कशाचा आलाय? काकूने मागवली याचा, की मी झाकण फिरवून घटाघट प्यायलो याचा? कारण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. माठाकडे बघून पोटात आधीच गोळा आला होता. त्या बंधाऱ्यावर कुठून कुठून पक्षी येतात, 2020 मध्ये जागेचं नाव रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. ते पाहुणे बिचारे मिळेल ते पाणी पितात. आणि मी पंचवीस किलोमीटरवरून गेलेलो.

शिवाय पाणी काही काकूने नासवलेलं नाही. गंगा आधी नाशिकातून जाते, मग चांदोरीला. आमच्या सोसायटीतलं सगळं शेवटी जातं कुठे? नदीला फेस येतो, पाणवेली वाहत जाऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात, त्या आमच्याच खतपाण्यावर पोसलेल्या. म्हणजे मी काकूला वरून हे पाठवायचं आणि तिने पदरचे वीस रुपये घालून मला स्वच्छ पाणी पाजायचं. हिंगण्यांनी असा सौदा दिल्लीतही केला नसेल.

निघताना काकूने रिकामी बाटली मागून घेतली. विसळली, ताक भरलं, वर मीठ-जिरं. "उन्हाचं लागतं वाटेत."

ताकात पाणी कुठलं घातलं ते मी विचारलं नाही. वाटेतलं ओढा गाव यायच्या आत संपवलं.