एका एक्सेल फाईलसाठी आरटीआय : माझा अनुभव

गोव्यात जमिनीचा एक-चौदाचा उतारा (आपल्या सातबारासारखा) घरबसल्या निघतो, पण आपल्या प्रभागात कचरा उचलायला किती माणसं लावलीत आणि पावसाआधी कुठली गटारं साफ झाली हे शोधायला गेलात तर आमच्या पालिकेच्या साइटवर नगरसेवकांचे फोटो आणि जुनी टेंडरं, बस्स. म्हणून आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज केला. शेवटी फाईल मिळाली, पण मधे जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतेय. पालिकेचं नाव लिहीत नाही, गोव्यात १३ नगरपालिका आहेत, त्यातली एक समजा.

अर्ज करणं काहीच अवघड नाही. १० रुपये भरले, पावती घेतली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला (हा शिक्का घ्याच). "मॅडम, कशाला पाहिजे?" असं काउंटरवर विचारतातच, पण कलम ६(२) प्रमाणे कारण सांगायची गरज नसते, हसायचं आणि गप्प बसायचं. महाराष्ट्रातून इकडे राहायला आलेल्यांना वाटतं की नळाचं पाणी, रस्त्यावरचे दिवे सगळं पालिकेकडेच असणार, तर इथे तसं नाही, पाणी राज्य सरकारच्या खात्याकडे आणि दिवे वीज खात्याकडे. चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर त्यांनी ५ दिवसांत तो योग्य जागी पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका, सरळ वेगळा अर्ज करा.

मी अर्जात साफ लिहिलं होतं की माहिती कॉम्प्युटरवर ज्या स्वरूपात आहे त्याच स्वरूपात द्या, म्हणजे एक्सेल, ईमेलवर नाहीतर पेनड्राइव्हवर. उत्तराची ३० दिवसांची मुदत संपत आली तेव्हा पत्र आलं, झेरॉक्सचे पानाला २ रुपये भरून माहिती घेऊन जा. चिडले, पण निदान आत काय आहे ते तरी बघू म्हणून भरले.

आणि मग तो गठ्ठा. एक्सेलची प्रिंट, तिची झेरॉक्स, तीही तिरकी. शीट रुंद आणि कागद उभा, त्यामुळे प्रभाग क्रमांक एका पानावर आणि त्याच ओळीतले आकडे चार पानं सोडून पुढे, म्हणजे जमिनीवर कागद मांडून जुळवत बसा! काही रकान्यांत आकड्यांच्या जागी नुसत्या शिडीच्या खुणा (####), कारण कॉलम अरुंद राहिला होता आणि तसाच छापला. ज्यांनी एक्सेल वापरलंय त्यांना कळेल माझं काय झालं असेल. बरं, हे सगळं पुन्हा टाइप करायचं म्हणजे चुका माझ्या नावावर.

परत गेले. "सायब मिटिंगेक गेल्यात." दुसऱ्या वेळी साहेब होते, तर म्हणे सॉफ्ट कॉपी देता येत नाही, तुम्ही आकडे बदलाल. मी म्हटलं, अहो बदलायचेच असते तर कागदावरून टाइप करतानाही बदलले असते की. मग म्हणे पेनड्राइव्ह लावायला बंदी आहे, व्हायरस येतो. मग ईमेल करा. तर ऑफिसच्या ईमेलचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो रजेवर. मग कोणीतरी आतून ओरडलं, चवथ होऊंदी मगे पळोवया (चतुर्थी होऊ दे, मग बघू). चतुर्थी झाली, तरी तेच. क्लार्क बिचारा चांगला होता हो, फाईल त्याच्याच कॉम्प्युटरवर होती, माझ्यासमोर उघडून दाखवली, पण सही करणाऱ्याशिवाय तो काय करणार. समोर स्क्रीनवर फाईल दिसतेय आणि आपण हातात झेरॉक्स धरून उभे, असला संताप येतो ना!

गंमत म्हणजे त्यांच्याकडे कायद्याचाही आधार होता. कलम २(ञ) मध्ये डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट किंवा इतर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळेल असं आहे (फ्लॉपी! केंद्राच्या नियमांत तर एका फ्लॉपीचे ५० रुपये अजून लिहिलेले आहेत) आणि पुढे 'किंवा प्रिंटआउट' असंही आहे. साहेबांनी तेवढ्यावरच बोट ठेवलं. त्याला उत्तर कलम ७(९) मध्ये आहे, माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात सहसा द्यायची, ऑफिसवर अवाजवी ताण पडत असेल किंवा रेकॉर्ड खराब होणार असेल तरच नाही. हे कलम अर्जातच घाला.

पहिलं अपील टाकलं. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत टाकावं लागतं, आणि निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. सुनावणीत त्यांनी सांगितलं की माहिती फक्त कागदी रजिस्टरमध्येच आहे. मी गठ्ठ्यातलं एक पान पुढे केलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात फाईलचं नाव छापून आलं होतं, शेवटी डॉट एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलचीच फाईल, बाजूला पान नंबर. कोणी काही बोललं नाही. सॉफ्ट कॉपी द्या असा आदेश निघाला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी घरी येताना मिरवत आले.

पण आदेश निघाला म्हणजे फाईल मिळाली असं नाही. आता म्हणे सीडी आणा. आजकाल सीडी कुठे मिळते? स्टेशनरीवाले हसले, शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत मिळाली. ती घेऊन गेले तर ऑफिसच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्हच उघडेना, क्लार्कने टाचणी घालून बघितली. मग त्यालाच काय वाटलं कोण जाणे, पाच मिनिटांत ईमेल केला. पाच मिनिटांत!

हां, एक राहिलंच, अर्जात 'का' विचारू नका. आमच्या वाड्यावर गटार का साफ झालं नाही, याला ते माहिती धरत नाहीत. कुठल्या तारखेला साफ झालं त्याची नोंद मागा, तारीख नसेल तर उत्तर आपोआप मिळतं. मला तसंच मिळालं, डोंगराकडच्या प्रभागांच्या ओळीत तारखेचा रकाना कोरा.

कुठल्या प्रभागात माणशी किती कामगार, हा हिशोब मात्र नीट बसत नाही. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, त्यानंतर प्रभागांची फेररचना झालेली, म्हणजे तेव्हाचा ७ नंबर आणि आजचा ७ नंबर वेगळे. नव्या सीमा राजपत्रात शोधा, राजपत्र ऑनलाइन आहे. पुढची जनगणना २०२७ ला, तोवर मी सरळ घरपट्टीच्या घरांवर हिशोब करतेय, त्यासाठी प्रभागवार घरांची संख्या वेगळी मागावी लागली. ती मात्र पहिल्याच फटक्यात एक्सेलमध्ये आली, बहुतेक माझं नाव बघून.

फाईल कोणाला हवी असेल तर देईन. त्यात सफाई कामगारांची नावं आणि मोबाईल नंबरही तसेच आले होते, ते रकाने मी काढून टाकलेत, ते मागू नका.