पाठमोरा मुलगा

"मामा, या मुलाचा चेहरा का नाही काढला?"

फ्रेंच चित्रकार जाँ-लेओं जेरोमचं 'द स्नेक चार्मर' (गारुडी) हे चित्र बघताना भाचीने आज विचारलं, आणि मी अडखळलो.

अंगाला अजगर गुंडाळून पाठमोरा उभा पोरगा. समोर भिंतीला टेकून बसलेले प्रेक्षक. त्यांचे चेहरे मात्र निगुतीने रंगवलेले.

चित्र साधारण १८७९चं. मागच्या निळ्या फरशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यावरून घेतलेल्या, सापाचा खेळ इजिप्तचा. दोन्ही एकत्र आणले जेरोमने. पण एकेक फरशी इतकी नेमकी, की डोळे बिनतक्रार विश्वास ठेवतात! ही कारागिरी मला मोहवते, आणि त्याचाच त्रास होतो. पाश्चात्त्यांनी पूर्वेकडचं जग कसं रंगवलं यावर टीका करणाऱ्या एडवर्ड सईदच्या 'ओरिएंटॅलिझम' या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पुढे हेच चित्र आलं.

फरशा खऱ्या, म्हणून प्रसंगही खरा, असं तेव्हा पॅरिसमध्ये किती जणांनी मानलं असेल?