‘नू’ या एका शब्दाचे मराठी

२ जानेवारी, काप-आयिसियँ

आज पूर्वजांचा दिवस म्हणून हैतीत सुट्टी आहे. गल्ली शांत आहे आणि कालचे सूप मनातून जात नाही, म्हणून सकाळीच वही उघडून बसले आहे.

पुण्यात शिकलेली फ्रेंच इथे पुरेल, अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की मी फ्रेंच बोलू लागले की बाजारातली बाई अवघडते, जपून दोन शब्द बोलते आणि गप्प होते, कारण तिच्यासाठी ती शाळेची आणि कोर्टकचेरीची भाषा आहे. घरात, बाजारात, भांडणात सगळ्यांच्या तोंडी क्रेओल, ही इथल्या लोकांची रोजची भाषा. तरी फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा व्हायला तिला १९८७च्या राज्यघटनेपर्यंत थांबावे लागले. तेव्हापासून मी रोज तांदूळवालीजवळ जाऊन बसते. ती तांदूळ तोलत नाही. ‘मामीत’ नावाच्या पत्र्याच्या डब्याने शिगोशीग मापते आणि वर ‘देगी’ म्हणून एक मूठ घालते. भाव मात्र ‘डॉलर’मध्ये सांगते, आणि हा डॉलर म्हणजे पाच गूर्द, म्हणजे इथल्या चलनाचे पाच! १९१२ पासून कित्येक दशके एका अमेरिकन डॉलरला पाच गूर्द असा दर बांधलेला होता. तो दर गेला, पण हिशेब जिभेवर राहिला. नाणी गेल्यावरही चार आणे, आठ आणे म्हणणाऱ्या माझ्या आजीला हे कुणी समजावून सांगावे लागले नसते.

रस्त्यावर मुले मला ‘ब्लाँ’ म्हणतात. फ्रेंचमध्ये तो शब्द गोऱ्याचा आहे आणि मी चांगली सावळी आहे, म्हणून आधी गोंधळले. इथे ‘ब्लाँ’ म्हणजे परका आणि ‘नेग’ म्हणजे माणूस. १८०५च्या राज्यघटनेने सर्व हैतीवासीयांना, त्यांचा वर्ण कोणताही असो, ‘काळे’ हेच नाव दिले होते, हे कळल्यावर तो शब्द मला टोचेनासा झाला.

खरे अडते ते सर्वनामांपाशी. ‘ली’ म्हणजे तो, ती आणि ते. ‘ऊ’ म्हणजे तूही आणि तुम्हीही. सत्तरी ओलांडलेल्या शेजारच्या आजींना आणि त्यांच्या नातवाला मी एकाच शब्दाने हाक मारते, तेव्हा अजून जीभ अडखळते. मान इथे दुसरीकडे ठेवलेला असतो. आजींच्या फाटकाशी थांबून ‘ओने!’ म्हणजे ‘मान!’ असे म्हणायचे, आतून ‘रेस्पे!’ म्हणजे ‘आदर!’ असे उत्तर आले की मगच पाऊल टाकायचे.

काल पहाटे त्याच आजी सूप घेऊन माझ्या दाराशी आल्या. जुमू या लाल भोपळ्यासारख्या फळाचे, मांस, कोबी आणि गाजर घातलेले दाट पिवळे सूप. वाफेला लवंगेचा वास होता. गुलामीच्या काळात मळेवाले हे सूप गुलामांकडून रांधून घेत आणि त्यांना चाखू देत नसत, असे इथे घरोघर सांगतात. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह येथे स्वातंत्र्य जाहीर झाले. त्याची आठवण म्हणून दर वर्षी या दिवशी प्रत्येक घरात ते शिजते आणि शेजारी वाटले जाते. मी कृती लिहून घेऊ लागले, तेव्हा आजींनी वहीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “सूप नू आँ आप रेफ्वादी.”

सूप गार होते आहे, एवढे लगेच कळले. पण ‘नू’ म्हणजे आम्ही, ‘नू’ म्हणजे आपण, आणि ‘नू’ म्हणजे तुम्ही सगळेसुद्धा. मी एकटीच होते, म्हणून ‘तुमचे’ बसत नाही. उरले ‘आमचे’ आणि ‘आपले’, आणि मी त्यात आहे की नाही हे ठरवल्याशिवाय ते वाक्य मराठीत लिहिताच येत नाही. आजींना विचारायचे तर त्यांच्या भाषेत ते दोन वेगळे शब्दच नाहीत. रात्री मी ‘आपले’ लिहिले, संकोचाने खोडले, ‘आमचे’ लिहिले, तेही खोडले. शेवटी ‘नू’ तसाच ठेवला आहे.

वाडगा धुऊन ठेवला आहे. शेजारचे भांडे आमच्याकडे रिकामे परत करत नाहीत, म्हणून मक्याच्या रव्याचा, इथलेच काजू घालून, थोडा शिरा केला आहे. खाण्याला इथे ‘मांजे’ म्हणतात. फाटकाशी ‘ओने’ म्हणेन, आणि वाडगा हातात देताना ‘मांजे नू आँ’ म्हणेन.