गॅस लिहायला नको होता

रविवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेत. बाहेर पावसाची नुसती पिरपिर.

मला एकही मत पडलं नाही.

लिहिल्यावर किती पोरकट दिसतंय हे. पंचावन्न उलटलेली बाई मेगाब्लॉकच्या गर्दीत मुलुंडहून करी रोडपर्यंत उभ्याने येते, ओली छत्री मोरीत उघडून ठेवते आणि साडीही न बदलता वहीत पहिलं काय लिहिते, तर हे. पण डोक्यात दुसरं काही नाहीच, तर काय लिहू? ट्रेनमध्ये घाटकोपर येईपर्यंत स्वतःची समजूत घालत होते, की खेळ आहे. कुर्ल्याला पुन्हा राग आला.

भाच्याच्या ऑफिसात हा खेळ खेळतात म्हणे. विकतचा संच १९८४ साली कॅनडात निघाला, पण लोक त्याच्या आधीपासून नुसती डिक्शनरी आणि चिठ्ठ्या घेऊन खेळत आलेत. एकाने कोणालाच ठाऊक नसेल असा शब्द काढायचा, बाकीच्यांनी त्याचा अर्थ ठोकून द्यायचा, आणि खरा अर्थ त्या थापांमध्ये मिसळून सगळं एका सुरात, न हसता वाचायचं. मग ज्याला जो अर्थ खरा वाटेल त्याला त्याने मत द्यायचं. "इंग्रजीत कशाला?" म्हणत दादाने कपाटातून दाते-कर्वे काढले, म्हणजे त्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. सात खंड, १९३२ ते १९३८, फोर्टच्या फुटपाथवरून एकेक करून जमवलेले. १९५० ची पुरवणी अजून मिळालेली नाही, हे त्याने आजही सांगितलंच.

मजा आली, नाही कशाला म्हणू. 'पाणंद' म्हणजे पाण्यात डुंबताना होणारा आनंद, असं छोटीने लिहिलं आणि त्याला दोघं फसले. दोघांत एक वहिनी, जिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं! कणगी म्हणजे कणीक मळताना बोटांच्या बेचक्यात अडकून राहते ती, हे भाच्याचं. तिफण म्हणजे तीन फण्यांचा नाग. हे माझं. चार मतं. तेव्हा मी काय ऐटीत होते.

शब्द ठाऊक असेल तर ज्याच्या हातात कोश त्याच्या कानात सांगायचं आणि ती फेरी गप्प बसायचं, असा नियम. दादा इमानदार. पाणंद, कणगी, तिफण, तिन्ही वेळा उठून कानाशी गेला, तिन्ही वेळा बाद. चहा करत बसला बिचारा.

मग भाच्याने वाचलं, 'वैल'.

हा शब्द कोशात असेल असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मला वाटायचं तो आमच्या खोलीतलाच आहे, आईने केलेला. ती असे बरेच शब्द करायची. "वैलावर ठेवलंय बघ." "वैलावरचं उचल, दूध ठेवायचंय." पटकन बोलली की वायल ऐकू यायचं. मी दादाकडे बघितलं. तो पेनाचं टोपण चावत होता. उठला नाही. कानात सांगायला गेला नाही.

मीही नाही गेले, हेही लिहून ठेवते. ठाऊक असून गप्प बसले. संध्याकाळभरात पहिल्यांदा मला एक शब्द येत होता, तो काय कानात सांगून घालवू? मी सरळ लिहिलं: 'गॅसची डावी शेगडी. उशिरा येणाऱ्याचं जेवण झाकून ठेवतात ती.'

भाचा वाचायला लागला. वैल म्हणजे वेलीचा नवरा. वैल म्हणजे लग्नात जेवणाच्या पंगतीतून रुसून उठलेला पाहुणा. वैल म्हणजे ओहोटीनंतर वाळूवर उरलेली पाण्याची रेघ. मग माझी चिठ्ठी. 'गॅसची' म्हणताच तो फुटला. "अरे, १९३८ च्या कोशात गॅसची शेगडी कुठून आली?" सगळे हसले. छोटी तर लोळलीच. मीही हसले, आणि जरा जास्तच मोठ्याने.

रेघेला चार मतं. ती सूनबाईची निघाली. नागपूरची मुलगी, समुद्र लग्नानंतर बघितला. चारांतलं एक मत दादाचं.

एवढंच खुपतंय. बाकी काही नाही. एका खोलीत वाढलो, दहा बाय बाराच्या, एकाच ओट्यासमोर पाटावर जेवलो. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणजे त्याने ते माझ्यापेक्षा पाच वर्षं जास्त बघितलंय. आणि त्याने वाळूवरच्या रेघेला मत दिलं.

मग खरा अर्थ वाचला. मूळ चुलीच्या बाजूला जोडलेलं तोंड. त्याला वेगळं जळण घालायचं नाही, चुलीतली आच तिकडे जाते, त्यावर आमटी-भात गरम राहतो. स्वतःची आग नाही. शेजारच्या आगीवर...

हे पुढे लिहीत नाही.

खरं सांगायचं तर मी चुकले होते. आईच्या माहेरी, चिपळूणकडे, चूल होती, तिला वैल असणार. मी तिकडे दोनदा गेले, मे महिन्यात, दोन्ही वेळा आंब्यांकडे लक्ष. लालबागला आमच्याकडे आधी स्टोव्ह, गॅस फार उशिरा आला. दोन शेगड्यांचा. आईने डाव्या शेगडीला वैल म्हणायला सुरुवात केली आणि ती जाईपर्यंत म्हणत राहिली. बाबा दुसऱ्या पाळीला असले की गिरणी रात्री बाराला सुटायची. डाव्या शेगडीवर पातेल्यात भात, त्यावर ताटली, ताटलीत पिठल्याची वाटी, वर उपडी परात आणि मांजरीसाठी परातीवर वरवंटा. पण शेगडी बंद! उजवीची आच डावीकडे थोडीच येते? मध्ये वीतभर पत्रा. म्हणजे नाव तेवढं वैलाचं, भात मात्र गार. बाबा रोज म्हणायचे, "गार झालंय गं." आई रोज अर्धवट झोपेतून म्हणायची, "वैलावर तर होतं." मी गोधडीतून हे ऐकायचे. किती वर्षं ऐकलं, आणि त्यात काही चुकतंय हे मला आज मुलुंडला कळलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर आमच्याकडे रात्री उशिरा येणारं कोणी उरलं नाही. अडीच लाख घरांतली कथा, त्यात आमची काय वेगळी सांगायची. आई तरी म्हणायचीच, वैलावरचं उचल. उचलायला तिथे काही असो नसो.

म्हणजे गंमत बघा, आईनेही हाच खेळ खेळला. शब्द गावाहून आणला, इथे वस्तू नव्हती, तर दिसली त्या वस्तूला चिकटवला, आणि चेहरा इतका सरळ ठेवला की मी पन्नास वर्षं फसले. माणशी एक गुण या हिशेबाने तिचे तीन झाले. मी, दादा, बाबा. बाबा फसले नसतील कदाचित. भात त्यांना खावा लागायचा.

आणि हो, मी मत खऱ्या अर्थालाच दिलं होतं. ऐकताक्षणी कळलं होतं. त्याचे दोन गुण माझ्या नावावर आहेत, वहिनीने कागदावर मांडले तेव्हा कोणी बघितलंही नाही. मी एवढा वेळ शून्य-शून्य म्हणून रडतेय, तर ते शून्यही धड खरं नाही. निघताना भाचा म्हणाला, "आत्या, तुझं किती गोड होतं." गोड! रेघेला मतं आणि मला गोड. छोटीने लोणच्याची बरणी पिशवीत घातली, ती गळली बहुतेक, छत्रीच्या दांड्याला वास येतोय.

साडी बदलून आले. बारा वाजून सहा मिनिटं. दादाचा मेसेज.

"चूल लिहायचं होतंस. गॅसने घात केला."

तीनदा वाचला. म्हणजे त्याला ठाऊक होतं. चिठ्ठी माझी आहे हेही ठाऊक होतं. आणि हा इमानदार माणूस कानात सांगायला उठला नाही! टोपण चावत बसला. मग त्याने लिहिलं तरी काय? वेलीचा नवरा? असले विनोद त्याचेच.

मी विचारलं, "मग रेघेला मत का दिलंस?"

निळ्या खुणा आल्या. टायपिंग दिसतंय. थांबलं. पुन्हा टायपिंग. एवढा वेळ लागतोय म्हणजे मोठं काहीतरी लिहितोय असं वाटलं, मी चष्मा पुसून बसले.

"रेघ छान होती."

होतीच.