द्रासच्या मॅचमध्ये गिलगिट कुठून आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी हे बसमध्ये माईकवर सांगणं कधीच सोडलंय. लेह-कारगिलच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी काका असतातच, अहो आपण द्रासला वॉर मेमोरियल बघायला आलोय आणि तुम्ही ही पोलोची मॅच दाखवत मध्येच पाकिस्तानच्या ताब्यातलं गिलगिट आणि १९४७ काय काढता?

तर पहिलं म्हणजे पोलो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रेसकोर्स, पांढऱ्या पँटी आणि गॉगलवाल्या बायका येतात, ते डोक्यातून काढा. पोलो हा शब्दच मुळी बाल्टी भाषेतला, अर्थ चेंडू. द्रासचे लोक शिना बोलतात आणि गिलगिटमध्येही शिनाच चालते, खेळही बराचसा तसाच, एका बाजूला सहा घोडे. गिलगिटला तर अंपायरच नसतो! मैदान लांबट आणि अरुंद, कडेला दगडी भिंत, तिच्यावर पाय सोडून बसलेली पब्लिक, आणि घोडे अंगावर आले की सगळे एकदम पाय वर घेतात, आपण लोकलमध्ये कुणी झाडू मारायला आलं की घेतो ना तसे. गोल झाला की ज्यानं मारला तोच चेंडू हातात घेऊन घोडा फेकतो, भरधाव असतानाच चेंडू हवेत उडवतो आणि खाली पडायच्या आत स्टिकनं हाणतो. याला तिकडे तम्पुक म्हणतात. चुकला की भिंतीवरचे लोक जे हसतात ते बघण्यासारखं. आणि हे सगळं सुरनई, म्हणजे तिकडची सनई, आणि ढोलांच्या तालावर, वाजवणारे दमले की मॅचच बसते.

शंदूर खिंडीत साधारण १२ हजार फुटांवर जुलैमध्ये गिलगिट विरुद्ध शेजारचं चित्राल होतं, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पण माझी आवडती टूर्नामेंट गिलगिट शहरातली, १ नोव्हेंबरच्या आसपासची. ती त्यांच्या बंडाच्या आठवणीत असते.

बंड असं, की इंग्रजांनी १९३५ मध्ये गिलगिट काश्मीरच्या महाराजांकडून ६० वर्षांच्या भाड्यानं घेतलेलं, ते १ ऑगस्ट १९४७ ला अचानक परत करून टाकलं. हरिसिंहांनी ब्रिगेडियर घनसारा सिंह यांना गव्हर्नर म्हणून पाठवलं, पण तिथली खरी ताकद होती गिलगिट स्काउट्स, म्हणजे इंग्रजांनी उभं केलेलं स्थानिक सैनिकांचं दल, आणि त्यांचा कमांडंट मेजर ब्राऊन, स्कॉटलंडचा, वय फक्त २४, आणि अर्थातच पोलोवाला. २६ ऑक्टोबरला महाराजांनी भारतात विलीन व्हायची सही केली आणि ३१ च्या रात्री स्काउट्सनी गव्हर्नरच्या बंगल्याला वेढा घातला. सकाळी गव्हर्नर ताब्यात. ब्राऊनच्या प्लॅनचं नाव होतं दत्ता खेल. हे ऐकून एक काकू म्हणाल्या, दत्ताचा खेळ म्हणजे जत्रेतला का हो? दत्ता खेल हे वझिरीस्तानातल्या एका गावाचं नाव आहे, पण आता मलाही ते दुसरं काही ऐकूच येत नाही.

ब्राऊनचं ऐकाल तर सगळं त्यानंच घडवलं. गिलगिटवाले म्हणतात, छे, आमच्या सुभेदार मेजर बाबर खान आणि कॅप्टन मिर्झा हसन खाननी केलं, गोऱ्याचा काय संबंध. मला विचाराल तर ब्राऊन नसता तरी ते झालंच असतं, एवढं सुरळीत झालं नसतं इतकंच. त्यांनी शाह रईस खानना अध्यक्ष करून आपलं सरकारही बनवलं, पण १६ नोव्हेंबरला पाकिस्तानचा पोलिटिकल एजंट, म्हणजे कारभारी अधिकारी, येऊन बसला आणि त्या सरकारचा विषय संपला. पंधरवड्याचं राज्य! आजही तो भाग पाकिस्तानच्या घटनेत धड प्रांत नाही आणि आपल्या नकाशात लडाखमध्ये येतो.

आता काकांचा प्रश्न. हेच स्काउट्स १९४८ मध्ये द्रासपर्यंत, म्हणजे जिथे आपण चहा पितोय तिथपर्यंत आले होते. मग आपल्या सैन्याच्या जनरल थिमय्यांनी काश्मीर आणि लडाखमधल्या झोजिला खिंडीवर रणगाडे चढवले, साडेअकरा हजार फुटांवर, आणि खिंड परत घेतली. तारीख? १ नोव्हेंबर १९४८, बरोबर एक वर्षानं. रणगाडे म्हटल्यावर मात्र बसमधले सगळे जागे होतात.

मी स्वतः गिलगिट पाहिलेलं नाही, आपल्या पासपोर्टवर कुठलं जमायला. १ नोव्हेंबरला सीझन संपलेला असतो, मी घरी सोफ्यावर पडून फोनवर तिकडच्या मॅचचे व्हिडिओ लावतो, फुल व्हॉल्यूम, आणि आतून बायको ओरडते की आवाज कमी करा, त्या सनईनं खालच्यांना वाटेल आपल्याकडे लग्न आहे.